वापरातलं कुलूप

त्या घरात चहा-साखरेच्या कपाटाला कुलूप असायचं आणि किल्ली शेजारीच खिळ्याला टांगलेली. लिमरिकला त्यांच्याकडे राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या सकाळी मी ती किल्ली घेतली, कपाट उघडलं, चहा केला आणि एक कप घरमालकांसमोर ठेवला. त्यांनी आधी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"किल्लीनं उघडलं?"

मी हो म्हणालो.

"किल्लीनं तर कोणीही उघडते," असं म्हणून ते उठले, कपाटाला पुन्हा कुलूप लावलं, खिशातून दोन बारीक पोलादी पट्ट्या काढल्या आणि डोळे मिटून कुलपापाशी उभे राहिले. माझा चहा पिऊन झाला, कप विसळून झाला, तरी ते तिथेच होते. मी केलेला त्यांचा चहा टेबलावर गार होत होता. मी पुण्याचा, त्यामुळे विक्षिप्त घरमालक मला नवीन नव्हते. पण स्वतःच्याच चहापासून स्वतःला कुलूपबंद करून घेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आयर्लंडमध्ये भाड्याचं घर मिळणं हे चांगलं स्थळ मिळण्यापेक्षा कठीण. त्यामुळे ऑफिसातल्या कुणीतरी "एक अमरावतीचे गृहस्थ आहेत, जरा तऱ्हेवाईक आहेत, पण खोली देतील" असं सांगितलं तेव्हा मी 'तऱ्हेवाईक' या शब्दावर अडलो नाही. ते वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीत होते. वय पन्नाशीच्या पलीकडचं. लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं. त्याबद्दल ते बोलत नसत आणि मी विचारलं नाही. मी त्यांना काका म्हणालो तर म्हणाले, "काका म्हणशील तर दुसरी खोली शोध." तेव्हापासून मी त्यांना दादा म्हणू लागलो.

दादांना कुलपं उघडण्याचा नाद होता. किल्लीशिवाय. आणि तीही स्वस्तातली कुलपं. महागड्या कुलपांकडे ते ढुंकूनही पाहत नसत. सुपरमार्केटात लोक दूध-पाव घेऊन बाहेर पडतात, हे हत्यारांच्या रांगेत कुलूप कानाशी धरून हलवून पाहत. घरात जिथे हात जाईल तिथे कुलूप होतं. खिडकीत, चपलांच्या मांडणीवर, बाथरूममध्ये साबणाशेजारी. बसची वाट पाहताना त्यांचे दोन्ही हात कोटाच्या खिशात चाळा करत असत आणि शेजारी उभ्या असलेल्या बायका हळूच सरकून उभ्या राहत. आमची शेजारीण ब्रीडा त्यांचा उल्लेख 'युअर मॅन विथ द लॉक्स', म्हणजे 'तो कुलूपवाला', असाच करायची. नाव तिला पाठ होतं, पण हे तिला जास्त सोयीचं वाटत असावं.

एकदा मी विचारलं, की स्वस्त कुलूपच का? उघडायचंच तर एखादं तालेवार कुलूप उघडावं.

"महागड्यात पिना चांगल्या असतातच. त्याचे पैसे घेतलेले असतात त्यांनी," ते हातातलं कुलूप पुढे करत म्हणाले. "पण हे पाय. भाजीच्या जुडीच्या भावात विकून राहिले. आत साध्या सरळ पिना टाकल्या असत्या तरी कोणी विचारलं नसतं. तरी कोण्यातरी माणसानं आत डमरू टाकून ठेवला. कोणासाठी? कोणी पाहणार आहे का?"

डमरू हा त्यांचा शब्द. कुलपाच्या पोटात छोट्या पिना असतात, किल्लीचे दात त्यांना बरोबर उंचीवर उचलतात, मग कुलूप फिरतं. साध्या पिना कुणीही पट्टीने उचलू शकतो. पण काही पिना कमरेत बारीक असतात, अगदी डमरूसारख्या. अशी पिन उचलायला गेलं की ती कमरेत अडकते, कुलूप किंचित फिरतं आणि माणसाला वाटतं, झालं, उघडलं. ते उघडलेलं नसतं. दादा त्याला 'खोटा होकार' म्हणत. तिथून पुढे जायचं तर हाताचा जोर कमी करायचा. कुलूप उलटं फिरू लागतं, मिळवलेलं हातचं जातंय असं वाटतं, कधीकधी जातंही. तरी सोडायचं. मी दोन-चारदा प्रयत्न केला. खोट्या होकारावर मी आणखी जोर लावायचो आणि पट्टी वाकवून ठेवायचो. दादा वाकलेली पट्टी सरळ करता करता एवढंच म्हणत, "पुणेरी हात."

त्यांचे नियम दोनच होते. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, आणि वापरातल्या कुलपाला हात लावायचा नाही. कपाटाचं काय, असं मी म्हणालो तर त्यांनी मला ऐकवलं, की किल्ली शेजारी टांगलेली असेल तर ते कुलूप वापरातलं नव्हे, सरावातलं. हे नियम ते सोवळ्यासारखे पाळत. आमच्या इथल्या मराठी मंडळाचं गणपतीचं सामान एका हॉलच्या मागच्या शेडमध्ये असतं. एका वर्षी शेडची किल्ली खिशात घेऊन आमचे सहचिटणीस नोकरीसाठी दूर डंडॉकला राहायला गेले, आणि हे लक्षात आलं ते गणपतीच्या दिवशी सकाळी. मूर्ती हॉलवर आलेली, मखर आणि समया शेडमध्ये. अध्यक्षांनी दादांना गाठलं.

"तुमच्या हातचा मळ आहे हा. कुलूप मंडळाचं, मंडळाचा अध्यक्ष मी, मी परवानगी देतो."

"वापरातलं आहे ना पण. बिघडलं तर?"

"बिघडलं तर नवीन आणू!"

"मग कापा ना. मले कशाला विचारता?"

शेवटी कुणीतरी लोखंड कापायची मोठी कात्री आणून ते कापलं. आरतीला उशीर झाला, दादांवर सगळं मंडळ नाराज झालं, आणि दादा प्रसाद न घेता कुलपाचे तुकडे रुमालात बांधून घरी आले. रात्री जेवताना म्हणाले, "आत डमरू होता. उगाच मारलं त्याले." त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. मला हसू आवरलं नाही आणि त्यांनी ते मनावरही घेतलं नाही.

मी तिथे राहायला लागून वर्ष होत आलं तेव्हा त्यांनी आईला आणलं. अमरावतीला त्यांना पाहणारं कुणी उरलं नव्हतं. सरकारी परवानगी कशी मिळवली यावर एक पोवाडा होईल, तो मी इथे गात नाही. आजी ठेंगण्या, काटक, हात सतत कशाततरी. आल्या आल्या त्यांनी माझ्या दुधातल्या कॉर्नफ्लेक्सकडे पाहून "हा काय पाला खाऊन राहिला बाप्पा?" असं विचारलं आणि मला नाव विचारायची तसदी न घेता, माझी खोली वर म्हणून 'वरचा पोट्टा' हे नाव देऊन टाकलं. आठवण मात्र त्यांची विरत चालली होती. सकाळी मुलाला ओळखत, दुपारी कधी ओळखत, कधी नाही. आणि दुपार कलली, की त्यांना दळण आणायची घाई सुटे.

"चक्की बंद होईन," म्हणत त्या हाताला लागेल तो डबा उचलायच्या आणि निघायच्या. डब्यात गहू कुठले, ओट्स असायचे.

पहिल्यांदा त्या निसटल्या तेव्हा मोठ्या रस्त्याच्या गोल चौकापर्यंत पोचल्या होत्या. तिथे ट्रक उतारावरून भरधाव येतात. एका ट्रकवाल्याने गाडी आडवी घालून बाकीची वाहतूक थांबवली म्हणून वाचल्या. मागच्या गाडीत योगायोगाने ब्रीडा होती, ती त्यांना डब्यासकट घेऊन आली. दोन दिवसांनी आरोग्यखात्याची नर्स आली. भली बाई होती, चहा घेतला, आजींचा हात हातात धरून बसली. जाताना दादांना एवढंच म्हणाली, की त्या पुन्हा रस्त्यापर्यंत गेल्या तर मग आपल्याला नर्सिंग होमचा विचार करावा लागेल, त्यांच्याच भल्यासाठी.

दार लावून दादा जिन्याच्या पायरीवर बसले. "तिथं ही पाणी कोणत्या भाषेत मागेल रे?" त्यांनी मला विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढच्या दारावर आतून मोठा पडदा लावला. पडदा दिसला की आजींना तिथे दार आहे हे कळत नसे, त्या आपल्या वळून परत जात. राहिलं मागच्या अंगणातलं बाजूचं गेट. खांद्याएवढं लाकडी, आतून कडी. कडी त्यांना कळत होती. तेव्हा कडीला कुलूप आलं. दादांनी खिडकीतली सगळी कुलपं टेबलावर मांडली आणि एकेक उघडून पाहत संध्याकाळ घालवली. सगळ्यात हट्टी निघालं ते गेटला लावलं. जन्मभर कुलपं उघडत आलेला माणूस स्वतःच्या आईला कोंडण्यासाठी कुलूप निवडत होता. मला ते पाहवलं नाही, मी वर निघून गेलो.

मग रोज दुपारी आजी गेटपाशी. सकाळी मदतीला बाई येई, ती दुपारी गेली की घरून काम करणारा मी एकटाच. वरच्या खोलीत मी मीटिंगमध्ये आणि खाली कुलपाचा खडखड आवाज. कुलूप ओढायच्या, आपटायच्या, अंबाड्यातला आकडा काढून आत खुपसायच्या. "काहून कोंडलं मले? काय केलं म्या?" असं त्या गेटला विचारत. मी खाली जाऊन काही बोललो तर मलाच म्हणत, "तूच उघड ना पोट्ट्या, तुह्या हातात जोर आहे." दादा सुट्टीच्या दिवशी घरी असले तर हे सगळं किचनमध्ये बसून ऐकत. त्यांनी पट्ट्यांना हात लावणं सोडलं. कपाटाचं कुलूप काढून कुठेतरी टाकून दिलं. मला रोज वेळेवर चहा मिळू लागला आणि तो मला आवडेना.

असेच काही आठवडे गेले. एका रविवारी भुरभुर पाऊस होता आणि आजी डोक्यावर पदर घेऊन गेटशी उभ्या होत्या. दादा उठले, दोन स्टुलं बाहेर नेली, एकावर आईला बसवलं, एकावर स्वतः बसले. छत्री मला धरायला लावली. मग खिशातून पट्ट्या काढून आजींच्या हातात दिल्या.

"आई, हे असं धर. ही खालून, अंगठ्यानं. जोर नको देऊ. ही दुसरी आत जाऊ दे. आत काही लागते का?"

"लागून राहिलं काहीतरी."

"त्याले हळूच वर ढकल."

मी म्हणालो, "दादा, हे वापरातलं कुलूप आहे."

"माहीत आहे."

"आणि त्यांनी उघडलं तर?"

"ती तसंही इथंच बसते," ते म्हणाले. "कुलूप आपटत बसते. त्यापेक्षा हाताले काही काम असू दे. आणि आत डमरू आहेत. मले त्या दिवशी किती वेळ लागला पाहिलं ना? नाही उघडणार."

हे म्हणत असतानाच ते आजींना खोट्या होकाराबद्दल सांगत होते. कुलूप जरासं फिरलं की फसायचं नाही, हात सैल सोडायचा, परत जाऊ द्यायचं. मी पुन्हा अडवलं. उघडायला नको आहे ना, मग निदान हे तरी कशाला शिकवता? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

"मग काय खोटं शिकवू तिले?"

त्या दिवसापासून गेटवरची आदळआपट थांबली. दुपार झाली की आजी आपण होऊन स्टूल ओढून बसत, डोळे मिटून. त्यांनी जन्मभर फुलवाती वळल्या होत्या. बोटांना जोर नको असतो हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मला वाटायचं, कंटाळतील. नाही कंटाळल्या. एकदा मला म्हणाल्या, "आतलं लाजते रे. बोट लावलं का मागं सरते." त्यांना जेवण जाऊ लागलं, झोप लागू लागली. नर्स पुन्हा आली तेव्हा तिने विचारलं, औषध बदललं का? दादांनी गेटकडे बोट दाखवलं. नर्सने अंगणात जाऊन पाहिलं, थोडा वेळ उभी राहिली आणि "ग्रँड", म्हणजे इकडच्या बोलीत 'छान', एवढंच म्हणून निघाली. तिला वाटलं असावं विणकामासारखं काही चाललंय.

मी मात्र वर बसून कान गेटकडे लावून असे. दादांचा अंदाज डमरूवर होता. आजी काय चीज आहेत हे त्यांनी मोजलं नव्हतं. आपण वर्षानुवर्षं खपून जे मिळवलं ते दुसऱ्याला इतक्या लवकर येणार नाही, असं कुठल्याही नादिष्ट माणसाला वाटतंच. मी दोनदा म्हणालो, की कुलूप बदला. "बदलीन," म्हणाले. बदललं नाही. मला वाटतं, आई इतकी गुंतलेली त्यांना बऱ्याच वर्षांत दिसली नव्हती.

शनिवारची दुपार होती. दादा किचनमध्ये कांदा चिरत होते, मी टेबलाशी. अंगणातून बारीक खट्ट आवाज आला. दादांची सुरी थांबली. तो आवाज मला इतर आवाजांसारखाच वाटला, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मी दाराकडे धावलो, तर त्यांनी मला दंडाला धरून थांबवलं.

"तिनं उघडलं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती होती, पण कौतुक त्याहून जास्त होतं, आणि मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला.

"दादा, रस्ता!"

"चाल. पण हात नको लावू तिले."

आजींनी कुलूप कडीलाच लटकवलं, स्टुलाशेजारचा डबा घेतला आणि बाहेर पडल्या. आम्ही चपला न घालता मागे. आजींची चाल सरळ, घाईची, जशी बाजारहाटाला निघालेल्या बाईची असते. ब्रीडा तिच्या दारातली फुलझाडं पाहत होती. आधी डबा घेतलेल्या आजी, मागे मोज्यांवर दादा, त्यांच्या मागे मी, अशी मिरवणूक तिने पाहिली. नर्सला फोन करायला तिला एक मिनिट पुरलं असतं. "फिरायला ग्रँड दिवस आहे," ती म्हणाली आणि झाडांकडे वळली.

कोपरा आला. पुढे मोठा रस्ता, उतारावरून येणाऱ्या गाड्यांचा आवाज. दादा आता हाताच्या अंतरावर होते, हात अर्धा उचललेला. एक मोठा ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने आजींचा पदर उडाला. त्या फुटपाथच्या कडेला थांबल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग मागे वळल्या आणि दादांकडे पाहून, परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "भाऊ, चक्की कुठी आहे इथं?"

दादांचा हात खाली आला. "चक्की आज बंद आहे, बाई," ते म्हणाले.

"बंद आहे? मंग तुम्ही कुठी चालले?"

"घरी."

"मले बी सोडून देता का? हे एकसारखे एक घरं, सापडत नाहीत मले."

दादांनी त्यांच्या हातातला डबा घेतला. ते दोघं पुढे, मी मागे. वाटेत त्या त्यांना पाऊसपाणी विचारत होत्या, गाव कोणतं विचारत होत्या. अमरावती म्हटल्यावर "आमचंच की मंग" म्हणून खूश झाल्या. मी दादांची फक्त पाठ पाहत होतो. मला त्यांचा चेहरा पाहायचा नव्हता.

गेटपाशी आल्यावर आजींनी डबा परत घेऊन माझ्या हातात दिला, आत शिरल्या आणि मला आत ओढलं. दादाही मागोमाग येऊ लागले तेव्हा त्यांनी गेट लोटून घेतलं. वरून दादांचा चेहरा तेवढा दिसत होता.

"बसा म्हटलं असतं भाऊ," आजी म्हणाल्या, "पण माहा पोरगा घरी नाही. आणि हे कुलूप लावून जाजा."

"कुलूप कशाला?" दादांनी विचारलं.

"पोरगं लावते. म्या बाहेर गेली का त्याले भेव वाटते, लई जीव घाबरा होते त्याचा. लहानपणापासून तसंच आहे ते. त्याले नका सांगजा, म्या उघडलं म्हून."

गेटवरून दादांचा हात आत आला, चाचपडत कडी सरकवली आणि कुलूप दाबलं. ते लागलं का, हे आजींनी ओढून पाहिलं. मग त्या माझा हात धरून किचनमध्ये आल्या, अर्धा चिरलेला कांदा पाहून हे कोणी टाकलं म्हणाल्या आणि सुरी घेऊन बसल्या. मी गॅस पेटवला.

पुढच्या दाराची बेल वाजली. दादा आपल्या घराची बेल कधीच वाजवत नसत. आजींनी सुरी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

"जाय, दार उघड," त्या म्हणाल्या. "माहा पोरगा आला."